देखभालीवाचून यंत्र? – मिनी मोटारीच्या द्रवभरित सस्पेन्शनचे एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गायनाच्या मैफलीचेही होते. यंत्राचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. यंत्र नवे असते तेव्हा त्याची जाहिरात होते. ते बिघडले की मालकाची तक्रार होते. आणि ते जुने होऊन नामवंत ठरले, की त्याचे गुणगान होते. जाहिरात, तक्रार आणि गुणगान या तिन्हींत परीक्षण नसते. परीक्षण करायचे तर निकष आधी सांगावे लागतात, गुण आणि दोष दोन्ही मांडावे लागतात आणि निर्णय का दिला ते पटवावे लागते. असे परीक्षण यंत्राचेही करता येते आणि विज्ञानाच्या शिक्षकाला ते करता आले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

यासाठी आम्ही एक जुने यंत्र निवडले आहे. ब्रिटनमध्ये १९५९ साली निघालेल्या 'मिनी' या छोट्या मोटारीला १९६४ पासून काही वर्षे द्रव भरलेले सस्पेन्शन बसवले जात असे. त्याचे नाव हायड्रोलॅस्टिक. (परिभाषेत सस्पेन्शनला 'निलंबन' असा शब्द आहे; पण शिक्षकवर्गात तो वेगळ्याच अर्थाने प्रसिद्ध असल्यामुळे आम्ही सस्पेन्शन हाच शब्द वापरतो.) पास्कलचा नियम, तरफ, स्थितिस्थापकता, अवमंदन, बॉइलचा नियम असे शालेय भौतिकशास्त्रातले बरेच काही या एका रचनेत एकत्र सापडते. म्हणून लोकप्रिय विज्ञानलेखनात तिचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात एक प्रश्न बहुधा विचारलेलाच नसतो. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी ही व्यवस्था नीट चालू ठेवायची तर कोणी, कशी आणि कशाच्या आधारे? आमच्या परीक्षणाचा भर या प्रश्नावर आहे.

आमचे निकष तीन. रचनेमागचे तत्त्व पक्के आहे काय? ठरलेले काम ती प्रत्यक्षात करते काय? आणि जिच्या हाती ती सोपवली त्या व्यक्तीला ती सांभाळता येते काय? पहिले दोन निकष सर्वांना मान्य असतात. तिसराही तितक्याच महत्त्वाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

छोट्या मोटारीची अडचण

१९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. कमी पेट्रोल पिणारी छोटी मोटार हवी होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनसाठी ॲलेक इसिगोनिस यांनी मिनीचा आराखडा केला आणि ऑगस्ट १९५९ मध्ये ती बाजारात आली. लांबी अवघी दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर, चाके दहा इंचांची. एवढ्याशा जागेत चार माणसे बसवायची होती.

अशा मोटारीला सस्पेन्शन देणे अवघड असते. पहिले कारण वजनाचे. सुमारे ६०० किलोच्या गाडीत ७० किलोची चार माणसे बसली की २८० किलोंची भर पडते, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी. स्प्रिंग मऊ ठेवली तर भरलेली गाडी टेकते. कडक ठेवली तर रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते. म्हणून भार वाढेल तशी अधिकाधिक ताठ होत जाणारी स्प्रिंग लागते.

दुसरे कारण लांबीचे. मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सुमारे २.०३ मीटर आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जात असेल, तर पुढचे चाक उंचवट्यावर चढल्यानंतर ०.१२ सेकंदात मागचे चाक तिथे पोहोचते. पुढचा झोका निवण्यापूर्वीच मागचा सुरू होतो. गाडी नाक वर, शेपूट खाली अशी डोलू लागते. वरखाली होण्यापेक्षा हे डोलणे प्रवाशाला जास्त त्रास देते.

सस्पेन्शनचे काम ॲलेक्स मोल्टन या रबरतज्ज्ञ अभियंत्याकडे होते. त्यांच्या पणजोबांपासून घरात रबराचा व्यवसाय होता. मोल्टन यांनी आरंभीच्या मिनीला पोलादी स्प्रिंगेऐवजी रबराचे शंकू दिले. रबराचा शंकू थोडी जागा घेतो आणि दाबत जावे तसा ताठ होत जातो. पहिली अडचण सुटली. डोलण्याची अडचण मात्र राहिली. तिच्यावरचा उपाय म्हणजे हायड्रोलॅस्टिक. तो प्रथम १९६२ मध्ये मॉरिस ११०० या मोटारीत आला आणि सप्टेंबर १९६४ पासून मिनीत.

रचना आणि तिच्याविषयीचे तीन गैरसमज

प्रत्येक चाकाशी पोलादी डब्यासारखा एक भाग असतो. त्याला डिस्प्लेसर म्हणतात. डब्याच्या एका टोकाला रबराची जाड स्प्रिंग पक्की चिकटवलेली असते. दुसऱ्या टोकाला रबराचा लवचीक पडदा असतो आणि त्यावर निमुळता दट्ट्या टेकतो. चाक वर उचलले गेले की तरफेच्या द्वारे दट्ट्या आत ढकलला जातो. मध्ये द्रव असतो. डब्याच्या आत दोन कप्पे असून त्यांमधील तबकडीत रबराच्या झडपा बसवलेल्या छोट्या वाटा असतात. डाव्या बाजूच्या पुढच्या व मागच्या डिस्प्लेसरना गाडीच्या पोटाखालून गेलेली एक नळी जोडते. उजव्या बाजूची तशीच पण वेगळी जोडणी असते. द्रव म्हणजे पाणी, ते गोठू नये म्हणून अल्कोहोल आणि थोडे गंजरोधक. गाडी उभी असताना त्याचा दाब चौरस इंचाला सुमारे २६० ते २९० पौंड, म्हणजे १८ ते २० बार असतो. टायरमधील हवेच्या दाबाच्या हा साधारण दहापट झाला.

आता पुढचे चाक उंचवट्यावर चढले, की पुढच्या डब्यातला काही द्रव नळीतून मागे जातो आणि गाडीची मागची बाजू किंचित उचलतो. नाक वर जात असताना शेपूटही वर जाते, म्हणून गाडी सपाट राहते. पुढचे चाक जणू मागच्या चाकाला उंचवट्याची आगाऊ वर्दी देते.

या रचनेविषयी लिहिताना तीन चुकीची विधाने वारंवार केली जातात.

पहिले विधान असे, की गाडी द्रवाच्या स्प्रिंगवर उभी असते. हे खरे नाही. द्रवाचे आकारमान दाबाने जवळजवळ कमी होत नाही, म्हणून तो स्प्रिंगचे काम करू शकत नाही. स्प्रिंग रबराची आहे. द्रव फक्त बल एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवतो. सित्रोएन कंपनीच्या १९५५ च्या डीएस मोटारीत वायूची स्प्रिंग आणि इंजिनावर चालणारा पंप होता. हायड्रोलॅस्टिकमध्ये वायूही नाही आणि पंपही नाही. या दोन रचनांची गल्लत करू नये.

दुसरे विधान असे, की शॉक ॲब्सॉर्बर नसल्यामुळे इथे अवमंदन नाही. शॉक ॲब्सॉर्बर वेगळा नाही एवढेच. द्रव अरुंद वाटांतून आणि झडपांतून ढकलला जाताना ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते आणि झोके निवतात. शॉक ॲब्सॉर्बर डब्यातच सामावलेला आहे. मोल्टन यांचे खरे कौशल्य इथे आहे: स्प्रिंग, अवमंदक आणि पुढच्या-मागच्या चाकांची जोडणी ही तीन कामे त्यांनी एकाच भागाकडून करून घेतली.

तिसरे विधान असे, की ही व्यवस्था बंदिस्त असल्यामुळे तिला देखभाल लागत नाही. नव्या गाडीचा हा एक गुण म्हणून सांगितला जात असे. गाडी नवी असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण 'देखभाल लागत नाही' आणि 'देखभाल करता येत नाही' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. नवी गाडी पहिल्या वाक्यात असते. जुनी गाडी हळूहळू दुसऱ्यात जाऊन पोचते.

काम कितपत केले?

दुसऱ्या निकषावर निर्णय संमिश्र आहे. रस्त्यावरचे लहान उंचवटे ही गाडी रबरी शंकूंच्या मिनीपेक्षा पुष्कळ मऊपणे घेई. पण पुढच्या व मागच्या डब्यांची जोडणी हीच तिची कमजोरीही होती. गाडी पूर्ण वरखाली होते तेव्हा चारही रबरी स्प्रिंगा विरोध करतात. ती डोलते तेव्हा मात्र पुढचा द्रव नुसता मागे जातो किंवा मागचा पुढे येतो आणि विरोध फार कमी होतो. म्हणून मागे पूरक स्प्रिंगा द्याव्या लागल्या. तरीही जोराने वेग घेतला की मिनीचे नाक उचलले जाई. मागे माणसे आणि सामान भरले की मागची बाजू बसे आणि पुढचे दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात. डोलणे कमी करण्यासाठी केलेल्या रचनेने डोलण्याचा एक प्रकार कमी केला आणि दुसऱ्याला वाट दिली. अभियांत्रिकीत असे नेहमीच घडते. त्यात लाजिरवाणे काही नाही. पण कौतुकाच्या लेखांत ही दुसरी बाजूही यायला हवी.

देखभालीचे भौतिकशास्त्र

आता तिसरा निकष. ही व्यवस्था म्हातारी कशी होते?

रबर सतत दाबाखाली राहिले की हळूहळू बसते. स्थितिस्थापकतेच्या धड्यात भार काढला की वस्तू पूर्ववत होते. पण तीस वर्षे भार काढलाच नाही तर काय होते, ते धड्यात नसते. जोडनळ्यांचे लवचीक भाग रबराचे असतात, ते कडक होऊन चिरतात. पोटाखालची धातूची नळी पाणी आणि चिखल खाऊन गंजते. दट्ट्याच्या दांड्याला तरफेशी जोडणारा छोटा उखळीचा सांधा असतो, त्याला 'नकल जॉइंट' म्हणतात. त्यातले ग्रीस संपले आणि धूळ शिरली की तो झिजतो. या सगळ्यांचा परिणाम एकच दिसतो: गाडी खाली बसते.

मग कारण कोणते ते कसे ओळखायचे? इथे ही रचना विद्यार्थ्यांसाठी फार चांगला तर्काचा पाठ आहे. साधन एकच लागते, फूटपट्टी. सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजायची.

समजा डावीकडची पुढची आणि मागची दोन्ही उंची कमी भरली. दोन्ही डबे एकाच द्रवाने जोडलेले आहेत, म्हणून दोष त्या बाजूच्या द्रवात आहे. कुठेतरी गळती आहे: नळी, व्हॉल्व्ह किंवा पडदा. समजा दोन्ही बाजू सारख्याच आणि थोड्याच बसल्या आहेत. तर बहुधा वयोमानाने रबर बसले आहे किंवा द्रव फार सावकाश कमी झाला आहे. आणि समजा एकच कोपरा बसला आहे, बाकीचे तीन ठीक आहेत. तर दोष द्रवात असण्याची शक्यता कमी. द्रव कमी झाला असता तर त्याच बाजूचे दुसरे चाकही बसले असते. मग सांधा झिजला आहे काय किंवा सबफ्रेम गंजली आहे काय, ते पाहावे.

हे न पाहता पंप लावून द्रव वाढवला तर तो कोपरा उचलला जाईल खरा, पण त्या बाजूचे दुसरे चाकही विनाकारण उंच होईल आणि झिजलेला सांधा झिजतच राहील. दुरुस्ती झाल्यासारखी दिसेल, प्रत्यक्षात दोष झाकला जाईल.

यातच दाब आणि उंची यांतला फरकही लक्षात घ्यावा. गाडी चाकांवर उभी असताना द्रवाचा दाब मुख्यतः गाडीचे वजन ठरवते, पंप चालवणारा नव्हे. हिशोबाच्या सोयीसाठी काही आकडे कल्पनेने घेऊ. एका चाकावर २०० किलो भार आहे, तरफेमुळे दट्ट्यावर त्याच्या चौपट बल येते आणि दट्ट्याचे परिणामी क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर आहे. तर दाब चौरस सेंटिमीटरला ८०० ÷ ४० = २० किलो झाला. आणखी द्रव आत घातला तरी वजन तेच आहे, तरफही जवळजवळ तीच. म्हणून गाडी उंच होते, दाब मात्र त्या मानाने थोडाच बदलतो. दाब ठळकपणे घसरतो तो गाडी इतकी बसल्यावर, की तिचे काही वजन खालच्या रबरी गट्टूंवर टेकते. म्हणजे दाबमापकाचा काटा ठीक दिसला म्हणून सगळे ठीक आहे, असे म्हणता येत नाही. मापकाचा आकडा वाचणे वेगळे आणि तो कशामुळे तेवढा आहे हे समजणे वेगळे.

द्रव पुन्हा भरणे हे मात्र फूटपट्टीचे काम नाही. व्हॉल्व्ह टायरला असतो त्याच जातीचा आहे. पण टायरचा पंप लावला तर आत हवा जाईल आणि हवा दाबली जाते. नळीत २०० घनसेंटिमीटर हवा राहिली, तर २० बारच्या दाबाखाली तिचे आकारमान बॉइलच्या नियमाने सुमारे १० घनसेंटिमीटर होईल. हा बुडबुडा म्हणजे आराखड्यात नसलेली वायूची स्प्रिंगच. म्हणून आधी निर्वात पंपाने नळ्यांतली हवा काढायची, मग दाबाखाली द्रव भरायचा. डिस्प्लेसर नवा असेल तर काही वेळ नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन रबर बसवून घ्यायचे आणि मग दाब उतरवायचा. गाडी थोडी चालवून उंची पुन्हा तपासायची. या कामासाठी दाबाचा पंप, निर्वात पंप आणि मापके असलेले खास यंत्र अधिकृत विक्रेत्यांकडे असे.

धोकेही सांगितले पाहिजेत. २० बार दाबाखालचा द्रव व्हॉल्व्ह दाबताच पिचकारीसारखा उडतो. डोळ्यांत गेला तर इजा होते. त्यातले अल्कोहोल ज्वलनशील आणि पोटात गेल्यास विषारी. दाब उतरवल्याशिवाय कोणतीही नळी सोडू नये. मूळ द्रवाऐवजी नुसते पाणी भरले तर ते गंज आणते आणि थंड देशात गोठते. खनिज तेल भरले तर ते नैसर्गिक रबराला फुगवून निकामी करते.

गुण कोणता, दोष कोणता

या व्यवस्थेच्या बाजूचे मुद्दे आधी मांडू. दोष ओळखणे सोपे आहे, हे आपण पाहिले. बिघाड झाला तरी ती दगा देत नाही: एका बाजूचा द्रव पूर्ण गेला तरी गाडी रबरी गट्टूंवर बसते आणि ताशी ३० मैलांच्या आत, चांगल्या रस्त्यावरून, हळूहळू दुरुस्तीच्या ठिकाणी नेता येते. हा उत्तम आराखड्याचा गुण आहे.

दोष असा, की दिसणे आणि करता येणे यांच्यामध्ये दरी आहे. यंत्राच्या देखभालीच्या तीन पायऱ्या असाव्यात. मालकाला दोष दिसावा. जवळच्या कारागिराला तो दूर करता यावा. फारच झाले तर कारखान्याकडे जावे लागावे. हायड्रोलॅस्टिकमध्ये पहिली पायरी छान आहे. दुसरी एका खास यंत्रावर अवलंबून आहे. तिसरी तर बंदच आहे: डिस्प्लेसरचा डबा कडा दुमडून कायमचा बंद केलेला असतो, आतले रबर किंवा झडप बदलण्यासाठी तो उघडण्याची सोय नाही. विक्रेत्यांकडची यंत्रे मोडीत निघाली, नवे डबे तयार होणे थांबले, की चांगल्या स्थितीतली गाडीही एका पडद्यापायी अडते. हे अपघाताने घडले नाही. आराखड्याच्या वेळी घेतलेल्या निर्णयांचा हा परिणाम आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रगत यंत्र म्हटले की खास साधन लागणारच. आम्हालाही ते मान्य आहे. खास साधन लागणे हा दोष नाही. ते साधन एकाच ठिकाणी मिळेल आणि तेवढेच पुरेल असे धरून चालणे, हा दोष आहे. याचा पुरावा मालकांनीच दिला आहे. ब्रिटनमध्ये आणि इतरत्र जुन्या मिनी जपणाऱ्यांनी हाताने चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाला मापक आणि योग्य जोडणी बसवून स्वतःची साधने तयार केली. फुटलेल्या नळ्या हायड्रॉलिक नळ्यांच्या दुकानांतून नव्याने बनवून घेतल्या. म्हणजे हे काम साध्या साधनांनी शक्य होते. ते आधीच शक्य करून ठेवलेले नव्हते, एवढेच.

आपल्याकडच्या वाचकांना एक तुलना जवळची वाटेल. २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, म्हणजे मिनीच्याच घराण्यातली. तिच्या मागच्या बाजूला पोलादी पाटे होते, टांग्याला असत त्याच जातीचे. एखादा पाटा तुटला तर महामार्गावरचा कारागीर तो बदलून देई. त्या गाडीचे आम्ही गोडवे गाणार नाही; जड पाट्यांचे दणके ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना त्याचे कारण विचारावे. पण आमच्या तिसऱ्या निकषावर पाटा हायड्रोलॅस्टिकच्या पुढे आहे, हे नोंदवले पाहिजे.

पुढचा इतिहासही बोलका आहे. १९६९ मध्ये साध्या मिनी पुन्हा रबरी शंकूंवर आल्या आणि १९७१ पर्यंत उरलेल्या मिनींतूनही द्रव गेला. त्यामागे खर्चाचे कारण मोठे होते. रबरी शंकूंची मिनी ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिली; एकूण मिनी ५३ लाखांहून अधिक झाल्या. हा रबरी शंकूही मोल्टन यांचाच, हे विसरू नये. शंकूही कालांतराने बसतो, पण तो एकटा काढून नवा बसवता येतो.

मोल्टन यांनी मूळ कल्पना पुढे नेली. १९७३ च्या ऑस्टिन अलेग्रोत हायड्रागॅस आले. त्यात रबरी स्प्रिंगेच्या जागी नायट्रोजन वायू होता. हीच व्यवस्था १९९५ च्या एमजीएफ या मोटारीतही होती. २००२ मध्ये तिच्या जागी पोलादी स्प्रिंगा आल्या. प्रवासाच्या सुखाच्या दृष्टीने हायड्रागॅस अधिक चांगले ठरले. पण वायूचा गोल कारखान्यातच कायमचा बंद केलेला असे. वायू वर्षानुवर्षे पडद्यातून झिरपून कमी होतो. तो पुन्हा भरायला व्हॉल्व्ह नव्हता. काही मालकांनी पुढे गोलाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवले. म्हणजे दहा वर्षांत तत्त्व सुधारले, पण देखभालीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. आमच्या टीकेचा मुख्य आधार हा आहे.

आमचा निर्णय असा: हायड्रोलॅस्टिक हे कल्पनेच्या दृष्टीने विसाव्या शतकातल्या मोटार-अभियांत्रिकीतले एक सुंदर काम आहे, कामगिरीच्या दृष्टीने चांगले आहे आणि सांभाळण्याच्या दृष्टीने अपुरे आहे. जुनी मिनी घेऊन कोणी विचारील, की द्रव काढून शंकू बसवावेत काय, तर आम्ही सांगू, की डबे शाबूत असतील तर द्रवच ठेवावा आणि आधी सांधे, मग नळ्या, मग द्रव या क्रमाने पाहावे.

वर्गासाठी

हे सारे शाळेत कसे आणावे? सुई काढलेल्या दोन मोठ्या सिरिंज, सलाईनची नळी, इंग्रजी टी अक्षरासारखा एक सांधा आणि एक फुगा एवढ्यावर प्रतिकृती होते. सिरिंज टीच्या दोन टोकांना जोडाव्यात, तिसऱ्या टोकाला फुगा घट्ट बांधावा आणि हवा पूर्ण काढून रंगीत पाणी भरावे. एक दट्ट्या दाबला की दुसरा उचलला जातो आणि फुगा जवळजवळ तसाच राहतो, हे डोलणे. दोन्ही दट्टे एकदम दाबले की पाण्याला फुग्यातच जावे लागते आणि हाताला विरोध जाणवतो. हे वरखाली होणे. नळी चिमटीत धरली की हालचाल मंदावते, हे अवमंदन. शेवटी मुद्दाम मोठा बुडबुडा राहू द्यावा आणि काय बिघडले ते मुलांनाच विचारावे. शेजारी एका बशीत रॉकेल, दुसरीत पाणी घेऊन रबरबँडचे सारखे तुकडे दिवसभर ठेवावेत आणि मोजावेत. रॉकेल शिक्षकांनीच हाताळावे आणि ज्योतीपासून दूर ठेवावे.

मग प्रतिकृती तशीच महिनाभर ठेवावी. पाणी झिरपेल, फुगा सैल पडेल, दट्टे चिकटतील. बहुतेक शाळांत प्रयोग संपला की साहित्य धुऊन कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी निघते तेव्हा चालत नाही. मुलांना यंत्र चालताना दाखवले जाते, ते म्हातारे होताना दाखवले जात नाही. म्हणून त्यांच्या मनात विज्ञान म्हणजे शोध लावणाऱ्यांचे काम आणि देखभाल म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी हलके काम, अशी वाटणी होते. ती खोटी आहे. बसलेला एक कोपरा पाहून दोष सांध्यात आहे की द्रवात हे ओळखणारा कारागीर पास्कलचा नियम वापरतच असतो. आणि तो नियम पाठ असूनही ज्याला हे ओळखता येत नाही, त्याचा नियम अजून शिकून व्हायचा आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून शाळेतल्या एखाद्या यंत्राचे, मग तो हातपंप असो, तराजू असो की प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, वरील तीन निकषांवर परीक्षण लिहून घ्यावे, अशी शिक्षकांना आमची विनंती आहे. तिसऱ्या निकषाखाली त्यांनी निदान एक गोष्ट स्वतः उघडून, साफ करून, पुन्हा जोडून पाहिलेली असावी.